बाइंडिंग केलेला वेताळ

"सुटे आहेत का बाइंडिंगचे?"

पुण्याच्या एका माणसाचा हा पहिला मेसेज. नमस्कार नाही, तुम्ही कुठले, काही नाही. मी जुन्या कॉमिक्सच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला होता, परभणीच्या घरी लोखंडी ट्रंकेत सापडलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा, पाच जाडजूड व्हॉल्यूम, पाठीला लाल कापड, पुठ्ठ्यावर तो शाईचे ओघळ पसरल्यासारखा दिसणारा कागद. मला वाटलं लोक उड्या मारतील. मी लिहिलं, बाइंडिंगचे. त्यावर एक रडका चेहरा आला आणि मागून पुढचा प्रश्न, "कटिंग मारलंय का?"

मारलंय. तिन्ही बाजूंनी. आणि कसं मारलंय तर काही अंकांत वेताळाच्या, म्हणजे मराठीतल्या फँटमच्या, डोक्यावरचा बोलण्याचा फुगा अर्धा उडालाय, म्हणजे तो काय बोलला हे आता तुम्हीच ठरवायचं.

हे काम आमच्या नानांचं. नाना जिल्हा परिषदेत क्लार्क होते, आणि क्लार्क माणसाला सुटा कागद दिसला की त्याची फाइल करावीशी वाटते. ऑफिसची रजिस्टरं बांधणारा एक बाइंडर होता, बोळात बसायचा, चौकटीला दोऱ्या ताणलेल्या, शेजारी खळीचं पातेलं. त्या खळीत तो मोरचूद घालायचा, निळसर हिरवी दिसायची ती खळ, मी एकदा बोट घालायला गेलो तर त्याने हातावर पट्टी मारली, विष आहे ते म्हणाला, किड्यासाठी. चोवीस अंकांचा एक गठ्ठा असे नाना त्याला नेऊन द्यायचे. आठ-दहा दिवसांनी व्हॉल्यूम घरी. मग पहिल्या कोऱ्या पानावर नाना निळ्या शाईने अनुक्रमणिका लिहायचे, अ.क्र., अंकाचे नाव, पृष्ठ, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेऱ्यात काय लिहायचे? हिरोचं नाव आणि आपलं मत. "मँड्रेक. बरा." किंवा "वेताळ. उत्तम." एका ठिकाणी "बहादूर. डाकूंचा. ठीक." असं आहे. चाळीस वर्षं होऊन गेली, शाई अजून तशीच.

तर पुण्याच्या माणसाने मला सांगितलं की साहेब, बाइंडिंगमुळे तुमचा नव्वद टक्के भाव गेला. आकडा त्याचाच, मी मोजायला गेलो नाही. पिना काढलेल्या, कडा कापलेल्या, पाठीला शिवण घातलेली, काही अंकांची मागची कव्हरं बाइंडरने फाडून टाकलेली कारण त्यावर जाहिरातच होती ना. सुटा, पिनेसकट, चारही कोपरे शाबूत असा अंक असता तर त्याने एकेका अंकाला जे पैसे दिले असते तेवढ्यात तो आता अख्खा व्हॉल्यूम मागत होता.

मी खट्टू झालो, खोटं कशाला बोलू. मग दोन-तीन रात्री हेच वाचत बसलो की या कागदाला भाव येतो तो नेमका कशाने येतो. वय ५० च्या पुढे गेलं की झोप कमी होते, त्याचा असाही उपयोग.

अमेरिकेत हा धंदाच आहे. सुपरमॅन जिथे पहिल्यांदा आला तो ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, जून १९३८ चा, किंमत १० सेंट. त्याची एक प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली, म्हणजे आपले ५० कोटींच्या आसपास. स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो १९६२ चा अंक, अमेझिंग फँटसी क्रमांक १५, त्याची एक जवळजवळ कोरी प्रत २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला. गंमत म्हणजे ते मासिक बंदच पडणार होतं, तो शेवटचा अंक, म्हणून म्हणे त्यात कोळ्याचा माणूस घालून बघितला, नाहीतरी जायचंच आहे तर जाऊ दे. पहिलं पदार्पण, याला तिकडे सगळ्यात जास्त मान. गोष्ट भिकार असली तरी चालते, चित्र ओबडधोबड असलं तरी चालतं, पण तो हिरो त्या पानावर पहिल्यांदा आलेला पाहिजे.

आणि मग प्रत कशी आहे ते. यासाठी तिकडे चक्क ग्रेड देणारी कंपनी आहे, सीजीसी, २००० सालापासून. तुमचा अंक पाठवायचा, ते लोक तपासून ०.५ पासून १० पर्यंत नंबर देतात आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बंद करून परत पाठवतात. मग तो वाचता येत नाही, वाचायला डबी फोडली की ग्रेड गेली. कोपरा किती दुमडला, पिनेला गंज आहे का, पान पांढरं आहे का साईसारखं झालंय का तपकिरी, कुणी स्केचपेनने रंग भरून डाग लपवलाय का, सगळं बघतात. डाग लपवलेला सापडला तर लेबलचा रंगच वेगळा लावतात, जन्माचा शिक्का. कडा छाटलेली असेल तर संपलंच. मला हे वाचताना आमच्याकडचा कापसाचा ग्रेडर आठवला, बैलगाड्यांची लाइन लागलेली, आणि हा मूठभर कापूस उचलून दोन चिमट्यांत धागा ओढून बघायचा, कवडी किती, ओल किती, आणि शेतकरी त्याच्या हाताकडे नाही तर तोंडाकडे बघायचा. तेच. फक्त इथं कापसाच्या जागी सुपरमॅन.

तोच स्पायडरमॅनचा अंक फाटका, टेप लावलेला असेल तर लाखांवरून थेट हजारांवर येतो. अंक तोच, गोष्ट तीच.

पण हे झालं प्रतीचं. मुळात प्रती कमी का उरल्या? ॲक्शन कॉमिक्सच्या त्या पहिल्या अंकाच्या साधारण दोन लाख प्रती छापल्या होत्या म्हणतात, आज शंभरेक उरल्यात. बाकीच्या गेल्या कुठं? पोरांनी वाचून फाडल्या, एकमेकांना दिल्या. दुसऱ्या महायुद्धात तिकडे रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, देशासाठी कागद द्या, पोरांनीच घरोघरी जाऊन कॉमिक्स गोळा केली आणि लगद्याला पाठवली. मग १९५४ च्या आगेमागे एका मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या, काही गावांत तर कॉमिक्सच्या होळ्या केल्या. आणि उरलेलं काम आयांनी केलं.

आमच्याकडे सुनावणी वगैरे लागली नाही. आमच्याकडे आई होती, आणि दर दोन महिन्यांनी सायकलवर येणारे चाचा होते, कॅरेजला पोतं, हँडलला लटकणारा तराजू, "रद्दीऽऽ पेपर" अशी आरोळी. इंद्रजालची पानं लहान आकाराची म्हणून पेपरपेक्षा भाव कमी द्यायचे, त्याच्या मोठ्या पुड्या होत नाहीत असं कारण. पुढे तीच पानं मोंढ्याजवळच्या गाड्यावर खाऱ्या शेंगदाण्याला. मी एकदा शेंगदाणे संपवून पुडी उलगडली तर आत वेताळ कवटीच्या अंगठीचा ठोसा घालायलाच निघालेला, आणि ठोसा पुढच्या पानावर. ते पुढचं पान कुणाच्या शेंगदाण्याला गेलं देव जाणे.

इंद्रजाल मार्च १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं. आधी महिन्याला एक, मग पंधरवड्याला, मग दर आठवड्याला, एकूण आठशेच्या वर अंक. पहिल्या अंकाची किंमत ६० पैसे. आमच्या वेळेला दीड-दोन रुपये झाली होती, परभणीला ते स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर मिळायचं, मीटरगेजची गाडी, उशिरा येणार हे ठरलेलं, आणि त्यातून गठ्ठा उतरेपर्यंत मी बाकड्यावर. बहादूर १९७६ ला आला, आबिद सुरतींचा, चंबळचे डाकू वगैरे, आपल्या मातीतला हिरो म्हणून नानांना तो चालायचा, वेताळ मात्र त्यांना आवडायचा. त्या काळी अशा किती हजार प्रती मराठवाड्यात उतरल्या असतील, आणि आता शोधायला जा. एक म्हणजे एक सापडत नाही.

आणि आमच्या घरात एकशे वीस सापडले. का? तर बाइंडिंग केलं म्हणून!

हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं, पुण्याच्या माणसाला चार दिवस मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्यावर. आमच्या आईच्या हिशोबात सुटा कागद म्हणजे रद्दी आणि पुठ्ठ्यातला कागद म्हणजे पुस्तक. पुस्तक विकायचं नसतं, सरस्वती असते. पाय लागला तर नमस्कार करायचा. ट्रंकेत जाण्याआधी ते व्हॉल्यूम पोथ्यांच्या फळीवर हरिविजयाशेजारी उभे राहिले आणि चाचा आले की आई त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मोरचुदामुळे कसर लागली नाही, वाळवीने खालची फळी खाल्ली आणि व्हॉल्यूमला तोंड लावलं नाही. म्हणजे ज्याने भाव मारला त्यानेच माल वाचवला. सुटे ठेवले असते तर ते आज फार किमती झाले असते, फक्त ते माझ्याकडे नसते.

हवेचंही आहे थोडं. डेन्व्हरजवळ एका माणसाने हजारोंनी कॉमिक्स घेऊन गठ्ठ्यांनी रचून ठेवली होती, एडगर चर्च नाव, त्याचा साठा १९७७ मध्ये एका दुकानदाराला मिळाला, त्याला माइल हाय कलेक्शन म्हणतात, आणि त्या प्रती इतक्या ताज्या कशा म्हणून लोक थक्क झाले तर एक कारण तिकडची कोरडी हवा. कोरडी हवा तर आमच्याकडे इतकी आहे की विचारू नका, दुष्काळाचा काहीतरी फायदा. पण मे महिन्यातली ४३-४४ ची धग पत्र्याखालच्या ट्रंकेत काय करते ते कागदच जाणे. न्यूजप्रिंट म्हणजे स्वस्त लाकडाचा लगदा, त्यातलं आम्लच कागदाला आतून खातं, उष्णतेने आणखी जोरात. आमची पानं कडेने चहाच्या रंगाची झालीत, आणि वास, तो वास मात्र... जाऊ दे, वासाला ग्रेड नसते.

आता कुणी म्हणेल, मग आजपासून जपून ठेवा ना, नातवांना कोट्यवधी मिळतील. तिकडे लोकांनी हेच केलं. १९९० च्या सुमाराला पेपरात बातम्या यायला लागल्या की जुनं कॉमिक इतक्याला विकलं, झालं, सगळे गुंतवणूकदार. १९९२ च्या शेवटी सुपरमॅन मरतो तो अंक आला, काळ्या पिशवीत सीलबंद, लाखोंनी खपला, एकेकाने पाच-पाच घेतले, एक वाचायला आणि चार मुलाच्या कॉलेजला. पिशवीसुद्धा फोडली नाही. आज त्या सीलबंद अंकाला कुत्रं विचारत नाही, कारण तो सगळ्यांकडे आहे आणि सगळ्यांकडचा कोरा आहे. बाजार बसला, दुकानं पटापट बंद झाली, १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हलनेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

आम्हाला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. २०१५ ला तुरीला भाव आला, क्विंटलला दहा हजारांच्या वर, २०१६ ला ज्याला त्याला तूर. पाऊसही नेमका बरा झाला. २०१७ ला हमीभाव ५०५० आणि बाजारात त्याच्याही खाली, खरेदी केंद्रावर बारदाना नाही, ट्रॅक्टर रांगेत. भाव बघून पेरलं की भाव पडतो. जुन्या कॉमिकला भाव आला तो ते भावासाठी कुणी ठेवलं नव्हतं म्हणून. २०२५ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मासिकाच्या पहिल्या अंकाची, १९३९ च्या, एक प्रत ९१ लाख डॉलरच्या वर गेली, ती कॅलिफोर्नियात तीन भावांना आईच्या माळ्यावर सापडली, पुठ्ठ्याच्या खोक्यात, जुन्या पेपरांखाली. त्या बाईने ती दुसऱ्या महायुद्धाच्याही आधी १० सेंटला घेतलेली असणार. तिने पेपरही टाकले नव्हते म्हणून बरं.

पण माझी खरी गोची पुढेच आहे. समजा माझ्याकडे सुटे, कोरे अंक असते. घेणारा कोण?

पुण्याच्या माणसाला मी वय विचारलं. ५४. ग्रुपवर जे जे भाव बोलतात त्यांचे डीपी बघितले, सगळे टक्कल नाहीतर पिकलेली दाढी. म्हणजे दहाव्या वर्षी ज्याला दोन रुपये मिळाले नाहीत आणि पन्नासाव्या वर्षी ज्याच्याकडे दोन हजार सुटे आहेत, तो गिऱ्हाईक. बास, एवढाच बाजार. अमेरिकेत काउबॉयची कॉमिक्स होती, रॉय रॉजर्स, जीन ऑट्री, एके काळी त्यांना चांगला भाव, मग ती वाचून मोठी झालेली पिढी म्हातारी झाली, गेली, आणि त्यांची खोकी पोरांनी एकदम बाजारात आणली. घेणारे कमी, माल जास्त. सुपरमॅनचं तसं होत नाही कारण त्याचा दर दोन-चार वर्षांनी सिनेमा येतो, नवीन पोरं तयार होतात. अमर चित्र कथा अजून छापली जाते, म्हणून तिचे जुने पहिल्या छपाईचे अंक शोधणारी तरुण पोरंही आहेत (त्यात भानगड अशी की कृष्णाचा अंक हा पहिला नसून क्रमांक ११ आहे, आधीचे दहा नंबर परदेशी परीकथांचे होते, नवशिके गिऱ्हाईक इथेच फसतं).

मराठी वेताळाला कोण नवीन गिऱ्हाईक? माझ्या लेकीला मी व्हॉल्यूम दाखवला. तिला वेताळ म्हटल्यावर विक्रमाच्या पाठीवरचा आठवला, तो चांदोबातला, तोही तिने मोबाइलवर बघितलेला. आम्हाला लहानपणी तीन वेताळ होते, एक गावाबाहेर वडाखाली शेंदूर फासलेला, त्याच्या समोरून रात्री जायचं नाही. दुसरा झाडाला उलटा लटकणारा, कोड्यात बोलणारा. आणि तिसरा हा जांभळ्या कपड्यातला, बुरखा घालून घोड्यावर बसणारा, मूळचा अमेरिकेतल्या ली फॉकचा, १९३६ चा. मी तर बरीच वर्षं समजत होतो की हे तिघं एकमेकांचे नातेवाईक असणार. लेक म्हणाली, "बाबा, हा सगळीकडे चड्डी घालून का फिरतो?" आणि गेली.

तर माझं मत असं झालंय, मोंढ्यातल्या आडत्याच्या भाषेत, की या मालाची तेजी आमच्या गुडघ्यांवर आहे. आणखी पंधरा-वीस वर्षं. तिकडे १९७० पासून दरवर्षी भावाचं जाड पुस्तक निघतं, ओव्हरस्ट्रीटचं, कुठला अंक कुठल्या स्थितीत कितीला, सगळं छापील. त्यामुळे निदान अनोळखी माणसालाही कळतं की खोक्यात पैसे आहेत, टाकू नको. आपल्या मराठी अंकांचा भाव फक्त आमच्या व्हॉट्सॲपवर आहे. आम्ही गेलो की ग्रुप शांत.

हे मी पुण्याच्या माणसाला लिहिलं तर तो म्हणाला, साहेब तत्त्वज्ञान राहू द्या, बहादूरचा जुना अंक आहे का बघा, व्हॉल्यूम उसवला तरी चालेल.

उसवायला मी बसलोही होतो, खरं सांगतो. ब्लेड घेऊन, पाठीच्या कापडावर टेकवून. नाना ८६ चे आहेत, कमी ऐकू येतं, पण आरामखुर्चीतून त्यांना ब्लेड बरोबर दिसलं. "कामून फाडायलास रे?" मी म्हटलं, नाना, विकायचंय, सुटा करून. त्यांनी व्हॉल्यूम मागून घेतला, भिंग लावून अनुक्रमणिका वाचली, अ.क्र. एकपासून, सगळी. मग म्हणाले, "सतराव्याला मी 'ठीक' कामून लिहिलं? चांगला होता तो." आणि खिशातलं पेन काढून 'ठीक' खोडून 'उत्तम' केलं. वर तारीख टाकून सही. घ्या, भाव आणखी पडला.

पण ट्रंकेच्या अगदी तळाशी, पेपरखाली, एक सुटा अंक निघाला. बाइंडिंगच्या तावडीतून वाचलेला. पिना दोन्ही, जरा गंजलेल्या, मधलं पान आहे, कोपरे आहेत, मागचं कव्हरही आहे. पुण्याच्या माणसाला फोटो पाठवला तर पाच मिनिटांत आकडा आला, आणि तो आकडा पाचही व्हॉल्यूमच्या आकड्याच्या जवळ जाणारा होता. फक्त कव्हरवर वेताळाच्या घोड्याच्या पोटावर बॉलपेनने एक नाव लिहिलेलं, पूर्ण नाव, इयत्ता ५ वी ब, हजेरी नंबर. नावामुळे थोडं कमी करावं लागेल, तो म्हणाला. तिकडे नाव चालतं, पण ते एडगर चर्चचं असेल तर, नाहीतर एखाद्या नटाचं. निकोलस केजच्या घरून चोरीला गेलेला ॲक्शन कॉमिक्सचा पहिला अंक अकरा वर्षांनी सापडला आणि २०११ मध्ये २१ लाख डॉलरच्या वर गेला, चोरीचासुद्धा मान असतो तिकडे.

आमच्या घोड्याच्या पोटावरचं नाव माझं नव्हतं. शेजारच्या गल्लीतल्या मित्राचं होतं. आणि म्हणूनच तो बाइंडिंगला गेला नाही, नाना म्हणाले असणार हा आपला नाही, परत देऊन ये आधी. मी दिला नाही.

तो आता जिंतूरला असतो, खतांचं दुकान आहे. सहा-सात वर्षांत बोलणं नाही. नंबर मिळवला, फोन लावला, मागे ट्रकमधून पोती उतरवायचा आवाज. मी सगळं सांगितलं, तुझा अंक माझ्याकडे आहे, पाचवीतला, त्याला एवढे एवढे पैसे येतायत, तुझे तुला पाठवतो, का अंकच पाठवू, सांग. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं फोन कटला.

मग म्हणाला, "वाचून झाला न्हाई का आजून?"